पहिली रायफल स्वस्तातलीच!

हॉस्टेलमध्ये कुणी "मला रायफल घ्यायचीय" असं म्हटलं, की समोरून ठरलेला प्रश्न येतो, "कुणावर राग आहे रे?" मित्रहो, माझा राग कुणावरच नाही. फार तर पन्नास मीटरवर टांगलेल्या एका कागदावर आहे. त्या कागदावरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं म्हणा ना! तिथे पॉइंट टू-टूची साडेपाच मिलिमीटरची गोळी घालायची. सब्मिशनच्या आठवड्यात याच्याइतकं डोकं शांत करणारं दुसरं काही मला तरी सापडलेलं नाही.

२०२४ मध्ये पॅरिसला राधानगरीजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं, तेव्हापासून आमच्या कोल्हापूरकडच्या पोरांना हा खेळ माहीत झाला. खरं तर त्याच्या चौदा वर्षं आधी, २०१० मध्ये, आमच्याच तेजस्विनी सावंतने म्युनिकला ५० मीटर प्रोनचं जागतिक विजेतेपद मिळवलं होतं. तेव्हा आम्ही शाळेतही नव्हतो, त्यामुळे माफी असावी! असो. सांगायचंय ते वेगळंच. आता ज्याला त्याला एकच विचारायचं असतं, "रायफल कुठली घेऊ?" आणि त्यावर जे उत्तर मिळतं त्याने माझ्या एका मित्राचा खेळ सुटला. म्हणून हा लेख.

दिग्या माझा रूममेट. एनसीसीच्या कॅम्पात आम्ही दोघं शेजारीशेजारी झोपून फायर करायचो. पंचवीस यार्डांवर त्याच्या पाच गोळ्या पारले-जीच्या एका बिस्किटाखाली झाकल्या जायच्या. माझ्या पाच गोळ्या झाकायला ताट लागायचं. सेकंड इयरला आम्ही एका रायफल क्लबात गेलो. तिथे एका ज्येष्ठ सभासदाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सांगितलं, "जर्मन रायफल घ्यायची ऐपत असेल तर यात पड. नाहीतर हॉस्टेलवर कॅरम खेळ." त्या रात्री दिग्याने घरी फोन केला. त्याचे आण्णा म्हणाले, "किती लागत्यात सांग, म्हस इकू." दिग्या काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून क्लबात जाणं बंद. कॅरम मात्र त्याने खरंच सुरू केला, आणि त्यातही तो मला हरवतो.

त्या काकांचं म्हणणं चूक आहे, हे मला तेव्हाच वाटत होतं. पण नुसतं वाटून काय उपयोग? एम-थ्रीला दोनदा बसलेला माणूस मी, शेवटी गणित मांडलं. पन्नास मीटरवर गोळ्यांचा जो पसारा पडतो तो दोन गोष्टींमुळे पडतो, माणूस आणि रायफल (काडतूस रायफलीतच धरा). या दोन चुका एकमेकींवर अवलंबून नाहीत, त्यामुळे त्यांची सरळ बेरीज होत नाही. वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. पायथागोरसच तो.

नवशिक्याचा स्वतःचा पसारा ४० मिलिमीटर धरू. साध्या रायफलीचा २५ धरू. एकूण झाला ४७. आता म्हैस विकली, ८ मिलिमीटरची भारी रायफल आणली. एकूण किती? ४१! म्हणजे एवढं सगळं करून व्यासात सहा मिलिमीटर कमी झाले, त्रिज्येत तीन. त्या टार्गेटवर एका रिंगमधून पुढच्या रिंगमध्ये जायला त्रिज्येत ८ मिलिमीटर लागतात. अर्धी रिंगसुद्धा पदरात पडली नाही. उलट साधीच रायफल ठेवून सराव करून माणूस ४० वरून २० वर आला, तर एकूण पसारा ३२ वर येतो, आणि म्हैस गोठ्यातच राहते.

याला दुसरी बाजूही आहे. माणूस घासूनपुसून १० मिलिमीटरवर आला, की साधी रायफल त्याला २७ वर अडवून धरते आणि भारी रायफल १३ वर नेते. तिथे पैसा बोलतो. राज्य पातळीच्या पुढे साध्या रायफलीवर भागत नाही, हे मान्य. पण तिथे पोचायला आधी हजारो गोळ्या झाडाव्या लागतात आणि त्या सगळ्या अन्शुट्झमधूनच सुटल्या पाहिजेत असं गणितात कुठेही लिहिलेलं नाही.

मग घ्यायची कुठली? इथे अमेरिकेत एमएस करणाऱ्या सीनिअर्सचा सल्ला काही कामाचा नाही. तिकडे रुगर टेन-ट्वेंटीटू, सॅव्हेज, सीझेड अशी बाजारात रांग लागलेली असते (गंमत म्हणजे स्टुडंट व्हिसावरच्या पोराला तिकडेही हंटिंग लायसन्ससारखा अपवाद असल्याशिवाय बंदूक जवळ ठेवता येत नाही). आपल्याकडे सामान्य माणसाला परदेशी रायफल आयात करता येत नाही, ती सवलत नामवंत नेमबाजांना. त्यामुळे उरतात दोनच वाटा. एक, इशापूरच्या सरकारी कारखान्याची पॉइंट टू-टू बोल्ट अ‍ॅक्शन. दुसरी, कुणाच्या तरी आजोबांच्या काळातली बीएसए किंवा ब्रनो. आयात बंद असल्यामुळे या म्हाताऱ्यांचे भावही चढेच असतात. नाव ऐकून भुलू नका.

माझं मत इशापूरच्या बाजूने आहे. दिसायला ओबडधोबड, लाकडाचं फिनिशिंग आपल्या फर्स्ट इयरच्या कार्पेंट्री जॉबसारखं, ट्रिगर जड. पण नळी सरळ असते आणि सुटे भाग मिळतात. मॅगझिनमध्ये किती गोळ्या बसतात ते विसरा, टार्गेटवर एकेकच गोळी भरायची असते. बघायचं ते हे, की बट खांद्याला लावल्यावर मान न ताणता डोळा साइटच्या मागे येतो का. आणि रिसीव्हरवर पीप साइट बसवता येईल अशी खाच आहे का. उघड्या व्ही साइटवरून पीपवर गेलात तर रायफल बदलल्यासारखं वाटेल, आणि खर्च रायफल बदलण्यापेक्षा पुष्कळ कमी. दुर्बीण घेणार असाल तर रिमफायरसाठीचीच घ्या. मोठ्या रायफलीच्या दुर्बिणी बहुधा शंभर यार्डांसाठी जुळवलेल्या असतात. पन्नासला डोळा जरा हलला की त्यांचा क्रॉसही टार्गेटवर हलतो.

जुनी घेत असाल तर टॉर्च घेऊन जा. नळीत गंज आहे का ते बघा, तोंडाच्या कडेला खरचटलंय का ते बघा. शेवटचा स्पर्श गोळीला तिथेच होतो. आणि चेंबरची कड नखाने चाचपा. रिमफायरमध्ये स्फोटक मिश्रण काडतुसाच्या बुडाच्या कडेत असतं, पिन त्या कडेवर आपटते. कुणी वर्षानुवर्षं रिकामी रायफल खटाखट चालवली असेल, तर पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळून तिथे खड्डा पडलेला असतो. मालक म्हणेल, "काही नाही, असंच असतं." असंच नसतं!

खरा खर्च पुढेच आहे, काडतुसांचा. रिमफायरची केस पुन्हा भरता येत नाही, एकदा वाजली की भंगार. इथे आपले इंजिनिअर बंधू हमखास फसतात. जास्त वेगाचं काडतूस म्हणजे जास्त चांगलं असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात मॅचची काडतुसं मुद्दाम ध्वनीच्या वेगाच्या किंचित खाली, सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास ठेवतात. त्याहून वेगवान गोळी वाटेतच ध्वनीच्या वेगाखाली येते, बिथरते, आणि वाऱ्यात जास्त सरकते. तेव्हा साधी स्टँडर्ड व्हेलॉसिटीची घ्या. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, दोन-तीन प्रकार झाडून बघा, जो पसारा लहान पाडेल तोच लॉट जमेल तेवढा उचला. आणि पाच गोळ्यांच्या एका सुंदर ग्रुपवरून निष्कर्ष काढू नका. एका रीडिंगवर जर्नल लिहिणारे आपल्यात आहेत, त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

आता कायद्याचं. शस्त्र कायदा १९५९ चा. एकवीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय स्वतःच्या नावावर रायफल नाही, त्याआधी फक्त नियमांप्रमाणे क्लबात, प्रशिक्षणासाठी. याच कायद्याचं कलम १३ फार कमी जणांना ठाऊक असतं. मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सभासदाला टार्गेट प्रॅक्टिससाठी पॉइंट टू-टू हवी असेल, तर त्याचा विचार त्यात वेगळा केलेला आहे. म्हणजे आधी क्लब, मग परवाना, मग रायफल. उलट क्रमाने गेलात तर चपला झिजतील. माझा अर्ज सध्या पोलीस व्हेरिफिकेशनला आहे. हवालदार साहेब घरमालकाला भेटून गेले आणि तेव्हापासून घरमालक भाडं मागायला फार नम्रपणे येतात! परवाना मिळाल्यावरही निवडणूक आली की बहुतेक वेळा रायफल जमा करावी लागते, हेही धरून चाला. एवढी दगदग नको असेल त्याने पॉइंट १७७ ची एअर रायफल घ्यावी. २० ज्यूलच्या आतली असेल तर परवाना लागत नाही आणि दहा मीटरला हॉस्टेलचा कॉरिडॉर पुरतो (रेक्टरांनी हे वाक्य वाचू नये). पॉइंट टू-टूची ऊर्जा मात्र १४० ज्यूलच्या घरात असते आणि गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. तेव्हा "गावाकडे शेतात डबे ठेवून मारू" हा विचार मनातून काढून टाका.

शेवटी जिमखान्याला एक विनंती. आपण सगळे जिमखाना फी भरतो. दर वर्षी क्रिकेटच्या नव्या किटचे फोटो याच अंकात छापून येतात. क्रिकेटबद्दल तक्रार नाही. पण त्यातून दहा मुलांची क्लबाची सभासद फी आणि महिन्याला थोडी काडतुसं निघणार नाहीत का? क्लबाच्या रायफली असतातच, त्यांच्यावर वर्षभर शिकता येतं. निम्मे जण वर्षभरात कंटाळून सोडतील आणि त्यांच्या घरचे पैसे वाचतील. उरलेल्यांना तोवर कळलेलं असेल की आपल्याला नेमकं काय हवंय. मी स्वतः क्लबाच्या एका जुनाट रायफलीवर दीड वर्ष काढलं. आमचे तिथले कोच, निवृत्त सुभेदार, पहिले तीन महिने मला गोळीच देत नव्हते. नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे आणि ट्रिगर दाबायला लावायचे. नाणं पडलं की म्हणायचे, "बाळा, रायफल कुठं हलली? तू हललास." (आतमध्ये डमी काडतूस असायचं, नाहीतर चेंबरची कड गेली असती!)

पसाऱ्याच्या गणिताचा कागद मी परवा दिग्याच्या टेबलावर ठेवला. त्याने कॅल्क्युलेटर काढून तपासला. ४७ च्या जागी मी ४६ लिहिलं होतं, ते लाल पेनने दुरुस्त केलं. मग बराच वेळ काही बोलला नाही. रात्री मेसमध्ये ताट उचलताना म्हणाला, "रविवारी किती वाजता जातोस रे?"

सात वाजता. पेट्रोल माझं.