चर्चमधील दुकान

इंग्लंडच्या हेरफर्डशायर परगण्यातील यार्पोल या खेड्यात, सेंट लिओनार्डच्या जुन्या चर्चमध्ये, २००९ साली गावकऱ्यांनी आपले सामायिक दुकान व टपाल कचेरी थाटली. प्रार्थनेच्या वास्तूत साबण-साखरेची विक्री व्हावी, हे ऐकून भाविक मनास धक्का बसणे स्वाभाविक आहे. परंतु इतिहास पाहता या धक्क्याचे फारसे कारण उरत नाही.

मध्ययुगात खेड्यातील चर्च हे केवळ उपासनेचे स्थान नव्हते. वेदीकडील भागाची जबाबदारी धर्मगुरूची आणि समोरच्या मंडपाची गावाची, अशी वाटणी असे. त्या मंडपात गावाच्या बैठका होत, कोठे शाळा भरे, चर्चच्या खर्चासाठी मेजवान्याही झडत. पुढे बाकांच्या पक्क्या रांगा आल्या आणि मंडप उपासनेपुरता उरला. देवळाच्या ओवरीत शाळा भरलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचे नवल वाटू नये.

आजचा पेच पैशाचा आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या सुमारे १६ हजार चर्चपैकी १२ हजारांहून अधिक वास्तू संरक्षित यादीत आहेत. त्यांच्या डागडुजीचा भार मात्र मुख्यतः स्थानिक उपासकांवर पडतो, आणि अनेक खेड्यांत ते मूठभरच उरले आहेत. दुरुस्तीवरील कराचा परतावा देणाऱ्या सरकारी योजनेतही २०२५ साली एका वास्तूमागे वर्षाला २५ हजार पौंडांची मर्यादा घालण्यात आली. १९६९ साली स्थापन झालेला आणि आज चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट या नावाने ओळखला जाणारा न्यास साडेतीनशेच्या वर ओस चर्च सांभाळतो. परंतु प्रत्येक वास्तूस असा वाली मिळणे अशक्य. कित्येक चर्च विकली जाऊन त्यांची खासगी घरे झाली आहेत.

खरी हानी आहे ती ही. दुकानामुळे चर्चचे दार रोज उघडते. खासगी मालकीमुळे ते गावाला कायमचे बंद होते. म्हणूनच, उपासना हा मुख्य उपयोग कायम राखून चर्चचा काही भाग भाड्याने देण्यास २००६ च्या कायद्याने दिलेली मुभा शहाणपणाची म्हणावी लागेल. अर्थात दुकानाच्या गल्ल्यातून शतकांपूर्वीच्या छपराचा सारा खर्च निघेल, असे समजून सरकारने हात झटकणे योग्य नव्हे. वारसा राष्ट्राचा म्हणावयाचा आणि त्याचे देणे मात्र मूठभर वृद्धांनी फेडावयाचे, हा न्याय नाही.