पालापाचोळा आणि शेजारधर्म

मार्गशीर्ष सरत आला, की आपल्या पुणे शहराच्या रस्त्यांवर दरवर्षी एक देखावा दिसू लागतो. सावर, पांगारा, विलायती शिरीष, पिंपळ, कडुनिंब ही झाडे पौषापासून फाल्गुनापर्यंत आळीपाळीने पाने ढाळतात. सकाळी कोणीतरी ती झाडून कोपऱ्यात लोटतो आणि त्या ढिगाला काडी लावितो. पानांबरोबर दुधाच्या पिशव्या जळतात, बिस्किटांची वेष्टने जळतात, आणि शाळेस निघालेली मुले नाक दाबून त्या धुरातून वाट काढितात. ‘अंगण स्वच्छ झाले,’ असे आपण समाधानाने म्हणतो. वस्तुतः अंगण स्वच्छ झालेले नसते. आपली घाण शेजाऱ्याच्या पदरी टाकलेली असते. नगराची स्वच्छता ही आरोग्यखात्याची बाब खरीच. परंतु त्याहून आधी ती शेजारधर्माची बाब आहे, हेच या लेखात मांडावयाचे आहे.

हिवाळ्यातील धूर इतर ऋतूंतील धुरापेक्षा अधिक घातक का, हे विज्ञानाच्या तासाला विद्यार्थ्यांनी ऐकिले असेल. उन्हाळ्यात जमीन तापते, तिच्या लगतची हवा हलकी होऊन वर चढते व धूर उंच जाऊन पांगतो. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर निवते. तिला लागून असलेली हवा थंड व जड होते, आणि वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. त्या झाकणाखाली धूर कोंडून राहतो. त्यातील अतिसूक्ष्म कण केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याएवढे असतात. नाकातील केस त्यांना अडवू शकत नाहीत व ते फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. प्लास्टिकचे काही प्रकार जळताना डायॉक्सिनसारखी विषेही बाहेर पडतात. दम्याने खोकणारे आजोबा, पाळण्यातील बालक आणि हाती झाडू घेऊन त्या ढिगाजवळ उभा असलेला माणूस, हे तिघे आपल्या त्या ‘स्वच्छ’ अंगणाचे मोल भरीत असतात.

सरकारने या बाबतीत डोळेझाक केलेली नाही. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी ओला, सुका व घरगुती घातक कचरा वेगळा ठेवण्याचे कर्तव्य प्रत्येक घरावर घातले आणि उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने असा कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये व मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास २५,००० रुपये भरपाईचा आदेश दिला. तथापि दंडाच्या भीतीने माणूस दिवसा न जाळता रात्री जाळू लागतो, एवढेच होते. कायदा रस्त्यापर्यंत येतो; उंबरठ्याच्या आत सद्बुद्धीच यावी लागते.

पुण्यापुरते बोलावयाचे तर आपल्याजवळ एक अभिमानास्पद उदाहरण आहे. कचऱ्यातून कागद, काच, पत्रा वेचून पोट भरणाऱ्या, बहुतांशी स्त्रिया असलेल्या कष्टकऱ्यांनी १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही आपली संघटना उभी केली, डॉ. बाबा आढाव यांचे मार्गदर्शन तीस लाभले. पुढे २००८ साली याच कष्टकऱ्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम अंगावर घेतले. जी बाई उकिरड्यावर वाकून वेचीत होती, ती ओळखपत्र घेऊन दारावर येऊ लागली. हा बदल लहान नव्हे.

परंतु तिच्या हाती आपण काय देतो? भाताचे शीत, फुटका पेला, दाढीचे पाते आणि बालकाची लंगोट एकाच पिशवीत कोंबून दिली, तर ती पिशवी कोणाला तरी हातांनीच उसकावी लागते. याच कष्टकरी भगिनींच्या आग्रहावरून पुण्यात असे सांगण्यात आले, की असा अंगावर वापरलेला कचरा कागदात गुंडाळून त्यावर लाल टिंब काढावे, म्हणजे तो उघडावा लागणार नाही. लाल पेन्सिलीचे एक टिंब! त्यास पैसा लागत नाही, वेळ लागत नाही; समोरच्या हातांना मान देण्याची इच्छा मात्र लागते.

‘आम्ही कर भरितो, पुढचे काम पालिकेचे,’ असे म्हणणारे गृहस्थ पुष्कळ भेटतात. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. वेळेवर गाडी न येणे, पाने उचलण्याची सोय नसणे, हे दोष जेथे असतील तेथे नागरिकांनी तक्रार अवश्य करावी. परंतु कर भरल्याने कचरा नाहीसा होत नाही; तो केवळ दृष्टीआड होतो. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या शिवारात नेऊन टाकण्यात आला. तेथील विहिरींचे पाणी नासले, दुर्गंधीने माणसे हैराण झाली आणि ग्रामस्थांना पुनःपुन्हा रस्त्यावर उतरून गाड्या अडवाव्या लागल्या. त्या गावकऱ्यांनी आपले काय वाईट केले होते? एकत्र कोंबलेली प्रत्येक पिशवी त्यांच्या विहिरीच्या दिशेने निघालेली होती, हे आपण ध्यानात ठेविले पाहिजे.

आता उपाय पाहू. ज्या पानाला आपण काडी लावितो, ते मातीचे अन्न आहे. सर आल्बर्ट हॉवर्ड या कृषिशास्त्रज्ञांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे राहून पालापाचोळा, काडीकचरा व शेण यांचे उत्तम खत करण्याची रीत बसविली. जगभर ती ‘इंदूर पद्धती’ म्हणून ओळखिली जाते. तिचे मर्म सोपे आहे. सुक्या पानांत कर्ब अधिक, तर भाजीच्या देठासालींत नत्र अधिक. सुमारे ३० भाग कर्बास १ भाग नत्र, असा मेळ जमला की जिवाणू जोमाने काम करितात. नुसती साले साठविली तर ती सडून घाण सुटते. नुसती पाने वर्षभर तशीच पडून राहतात. दोहोंची जोडी जमविली, की दोहोंचे सार्थक होते.

अंगणाच्या कोपऱ्यात विटा सैल रचून अथवा तारेची जाळी गोल उभी करून चार बोटे पाने, त्यांवर साले व देठ, त्यांवर मूठभर माती वा शेणकाला, असे थर द्यावेत. पिळलेल्या फडक्याइतकी ओल राखावी व आठदहा दिवसांनी ढीग खालीवर करावा. थंडीत हे काम सावकाश चालते. पण पौषात रचलेला ढीग बहुधा वैशाखापर्यंत काळाभोर होऊन मातीचा सुवास देऊ लागतो. ज्यांना अंगण नाही, त्यांनी आपली पाने बागवाल्यास द्यावीत. पुण्यात २०१६ सालापासून ‘ब्राउन लीफ’ नावाचा उपक्रम, पाने नको असलेल्यांची व पाने हवी असलेल्यांची गाठ घालून देत आला आहे.

वृक्षारोपणाचा विचारही येथेच करावा. आषाढात आपण वाजतगाजत रोपे लावितो, छायाचित्रे काढितो, आणि पाऊस थांबला की त्यांना विसरतो. रोपाची खरी परीक्षा हिवाळ्यात सुरू होते व चैत्र-वैशाखात संपते. या दिवसांत नवी रोपे लावण्यापेक्षा पावसाळ्यात लावलेल्यांच्या बुंध्याभोवती पानांची वीतभर जाड गादी, खोडास चिकटू न देता, पसरावी. ओल टिकते, तण दबते, आणि जे पान जाळावयाचे होते तेच रोपाला उन्हाळा पार करवून देते. प्रत्येक वर्गाने एकेक झाड असे सांभाळिले, तर शाळेच्या आवारात काडी पेटविण्याचे कारणच उरणार नाही.

एका माणसाचा विचार येथे केला नाही, तर हा सारा उपदेश पोकळ ठरेल. तो म्हणजे रात्रीचा पहारेकरी. पहाटेच्या थंडीत तो जे हाती लागेल ते पेटवून शेकत बसतो. त्यात टायरचे तुकडेही असतात. त्याला ‘जाळू नकोस’ म्हणणे सोपे आहे. पण ज्याने अंगात लोकरीचे कपडे घालून हे सांगितले, त्याने त्याला एक घोंगडी दिली काय? दिल्लीत हिवाळ्यातील प्रदूषण वाढले असता गृहसंस्थांनी आपल्या पहारेकऱ्यांना विजेच्या शेगड्या द्याव्यात, असा नियमच करण्यात आला. आपण नियमाची वाट का पाहावी? शेकोटी विझवावयाची असेल, तर ऊब आधी दिली पाहिजे.

हे दिवस सणांचेही आहेत. नाताळात चकचकीत झिरमिळ्या व थर्माकोलची गव्हाणी, संक्रांतीच्या वाणात प्लास्टिकच्या डब्या. आनंद एका दिवसाचा आणि कचरा कित्येक वर्षांचा! गव्हाणी गवताची व तारा कागदाचा असला, म्हणजे प्रभूच्या जन्माची शोभा उणी होत नाही. तो मुळी गोठ्यातच जन्मला होता. वाण म्हणून तुळशीचे रोप दिले, तर तिळगुळाची गोडीही घटत नाही.

शुभवर्तमानात पाच भाकरी व दोन मासे यांची कथा आहे. सहस्रावधी लोक जेवून तृप्त झाल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करविले, आणि बारा टोपल्या भरल्या. ज्याला हवे तितके अन्न निर्माण करिता येत होते, त्याने तुकडे वाया जाऊ दिले नाहीत; मग ज्यांना एक पानही निर्माण करिता येत नाही, त्या आपण ते जाळून टाकावे, हे शोभते काय? विद्यार्थीमित्रांनो, उद्या सकाळी आपल्या घरी दोन टोपल्या मांडा, एक ओल्या कचऱ्यासाठी व एक सुक्यासाठी. आणि पालकहो, मुलांनी त्या मांडल्या तर त्यांना हसू नका. कचरा नेण्यास येणाऱ्या भगिनीला नावाने हाक मारा. एवढे झाले, तर येत्या पौषात आपल्या गल्लीतील हवा थोडी तरी निर्मळ होईल, आणि शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा आपण केवळ पाठ केली नाही, असे आपणास म्हणता येईल.