वाचायचे ते लाईन तोडून

संगणक घरोघरी नुकते शिरू लागले होते, त्या काळच्या एका अडचणीकडे या वेळी आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. यूजनेट ही चर्चागटांची व्यवस्था १९७९-८० साली अमेरिकेतील ड्यूक व नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी उभी केली. नाना विषयांवरील पत्रे त्या मार्गाने एका संगणकावरून दुसऱ्याकडे जात. ती वाचायची कशाने, हा खरा प्रश्न होता.

विद्यापीठांतील युनिक्स संगणकांवर तो फारसा जाणवला नाही. लॅरी वॉल यांनी १९८४ साली लिहिलेली 'आरएन' ही आज्ञावली इतकी सोयीची की, वाचणाऱ्याने बहुधा स्पेसची लांब पट्टी दाबत राहावे. नकोशा विषयांची व व्यक्तींची यादी एकदा करून दिली, की ती पत्रे पुढ्यात येतच नसत. (सभासंमेलनांतही अशी सोय असती तर!) घरच्या संगणकाची गोष्ट मात्र निराळी. डॉसवर आज्ञावलीला जेमतेम ६४० किलोबाइट स्मृती मिळे, एका वेळी एकच काम होई, आणि चर्चागटाची वाट टेलिफोनच्या तारेतून जाई. वाचक निवांत वाचू लागला, की इकडे बिल चढत राही आणि घरचा फोन अडून बसे.

म्हणून आमची कसोटी सरळ आहे: लाईन तोडून वाचता आले पाहिजे. मॅकिंटॉशवरील जॉन नॉरस्टॅड यांची 'न्यूजवॉचर' विनामूल्य होती, आणि टास्मानियातील पीटर टॅटम यांची 'ट्रम्पेट' डॉस व विंडोजवर चाले. पण दोन्ही मुख्यतः जोडणी चालू ठेवून वाचणाऱ्यांसाठी होत्या. डॉसवरील 'यार्न'ची रीत वेगळी. पत्रांचा गठ्ठा एकदम उतरवून घ्यावा, फोन ठेवावा, जेवणे आटोपल्यावर सावकाश वाचावे आणि लिहिलेली उत्तरे पुढच्या जोडणीत रवाना करावीत. पुढे विंडोजवर आलेल्या 'फ्री एजंट'मध्ये आधी केवळ मथळे उतरवून, खूण केलेल्या पत्रांचाच मजकूर मागविता येई. घरगुती वाचकाला मानवली ती हीच, असे आमचे मत आहे.

आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वांना खुले केले. तथापि स्वस्तातले शेल खाते नुसती अक्षरेच दाखवी. तेथे 'फ्री एजंट'सारख्या आज्ञावलीचा उपयोग नसे. शिवाय ज्या गावी केंद्र नव्हते, तेथील माणसाला आधी एसटीडी लावावा लागे.

या पसाऱ्यात मराठीचाही एक चर्चागट होता. परंतु सात बिटांच्या त्या अक्षरमालेत देवनागरीला जागा नव्हती. मराठी रोमन अक्षरांत लिहावी लागे, आणि 'काळा' की 'काला' हे वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखावे. अविनाश चोपडे यांच्या 'आयट्रान्स' पद्धतीत 'ळ'साठी मोठे एल वापरीत, पण घाईत लिहिणारा ते पाळीलच असे नाही. हा पेच सोडविणे कोणत्याच वाचन-आज्ञावलीच्या हाती नव्हते.

जुन्या पत्रांचा एक मोठा संग्रह २००१ साली गूगलने घेतला. २२ फेब्रुवारी २०२४ पासून तेथे यूजनेटची नवी पत्रे येणे थांबले. जुनी शोधता येतात. आपल्या घरातील कोणी त्या काळी परदेशी शिकत असेल, तर त्याचे एखादे रोमन मराठीतले पत्र तेथे सापडण्याचा संभव आहे.