दहा आकडे तोंडपाठ हवेत

रेल्वे स्थानकावर एक मुलगा रडत उभा होता. गर्दीत त्याची आईशी चुकामूक झाली होती. मी माझा मोबाईल त्याच्या हातात दिला आणि म्हटले, "बाळ, अम्मीला फोन लाव." तो फोनकडे पाहतच राहिला. मग हळूच म्हणाला, "अम्मीच्या नावावर बोट ठेवलं की फोन लागतो. नंबर मला माहीत नाही." पण माझ्या फोनमध्ये त्याच्या अम्मीचे नाव कसे असणार? अखेर ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली, तेव्हा मायलेकांची भेट झाली.

विद्यार्थी मित्रांनो, त्या दिवसापासून माझे ठाम मत झाले आहे, की घरातील निदान दोन माणसांचे मोबाईल नंबर प्रत्येकाला तोंडपाठ असलेच पाहिजेत.

कोणी म्हणेल, "फोन सगळे लक्षात ठेवतो. मग पाठांतर कशाला?" पण फोन हरवतो, बिघडतो, त्याची बॅटरी संपते. पाठ केलेला नंबर मात्र कोणाच्याही फोनवरून लावता येतो.

हे काम अवघड नाही. भारतातील मोबाईल नंबर दहा आकड्यांचा असतो. त्याचा पहिला आकडा ६, ७, ८ किंवा ९ असतो. आकडे नऊच भरले, तर एक राहिला असे समजावे. परदेशातून फोन करताना या दहा आकड्यांच्या आधी अधिकचे चिन्ह आणि भारताचा संकेतांक ९१ लावतात. दुकानातील किंवा कार्यालयातील तारेच्या फोनवरून मोबाईलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते. हा नियम १५ जानेवारी २०२१ पासून लागू झाला.

पूर्वी कंपनी बदलली की नंबरही बदलत असे. जानेवारी २०११ पासून देशभर तोच नंबर ठेवून कंपनी बदलण्याची सोय झाली. म्हणून एकदा पाठ केलेला नंबर वर्षानुवर्षे उपयोगी पडू शकतो.

नंबर सांगतानाही काळजी घ्यावी. ५५ ला आपण घरी 'पचपन' म्हणतो, तर मराठीत 'पंचावन्न' म्हणतात. ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो आणि एक आकडा चुकला, की भलत्याच माणसाचा फोन वाजतो. म्हणून 'पाच, पाच' असा एकेक आकडा सावकाश सांगावा.

दोन छोटे नंबरही ध्यानात ठेवा. कोणत्याही संकटात ११२ आणि अडचणीतील मुलांसाठी १०९८.

आपण कविता पाठ करतो, पाढे पाठ करतो. मग ज्या आकड्यांच्या पलीकडे आपली आई आहे, ते दहा आकडे पाठ करायला किती वेळ लागेल? आज घरी गेल्यावर ते वहीत लिहा आणि उद्या न पाहता म्हणून दाखवा.