बेटकुळीचं तिसरं मूळ

पोराला 'बेटकुळी काढ' म्हटलं की ते हात वाकवून दंड फुगवतं. तो फुगणारा स्नायू खांद्यापाशी दोन मुळांनी निघतो, असं पुस्तक सांगतं. पण साधारण दहा जणांत एखाद्याला तिसरं मूळही असतं, बहुधा थेट दंडाच्या हाडावरून निघालेलं. ज्याला असतं त्याला जन्मभर पत्ता नसतो. शंभरात एखाद्याच्या कोपराच्या जरा वर हाडाला काट्यासारखं टोक असतं. क्वचित तिथं नस दबून हाताला मुंग्या येतात, अन् आपण मानेचे फोटो काढत बसतो.

खोटं वाटतं? अंगठा नि करंगळी जुळवून मनगट थोडं वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी वर येते. काहींना ती नसतेच, आणि तिच्यावाचून त्यांचं काही अडत नाही.

मोडलेल्या दंडात पट्टी बसवणाऱ्या डॉक्टरला मात्र हे ठाऊक हवं. दंडातली एक नस एरवी स्नायू भेदून जाते, एखाद्यात ती बाजूनंच निघते. चित्रातले हात सगळे सारखे. फरक दिसतो तो माणसाचा देह स्वतः उलगडताना. तो देह आपणच द्यायचा असतो.

नांदेडशेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे समाजसेवक नानाजी देशमुख २०१० साली चित्रकूटला वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह दिल्लीच्या एम्सला दिला गेला. आपल्याला इतकं लांब जायला नको. नांदेडकरांना विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरकरांना विलासराव देशमुख वैद्यकीय संस्था. तिथल्या शरीररचनाशास्त्र विभागात चौकशी करा. शवविच्छेदन झालेला किंवा संसर्गजन्य आजाराचा देह सहसा घेत नाहीत. नेत्रदान आधी करता येतं. डॉक्टरचा मृत्यूचा दाखला लागतो, आणि देह काही तासांत पोचवावा लागतो. आपल्याकडच्या मे महिन्यात तर पाहुण्यांची वाट बघत बसूच नका. दहावं-तेरावं राहील म्हणाल, तर ते देहावाचूनही होतं.

देहदानाचा अर्ज भरून कपाटात मात्र ठेवू नका. शेवटी सही घरच्यांची लागते. ऐनवेळी एक लेक अडून बसला, तर देह सरणावरच जायचा. म्हणून आज जेवताना लेकी-सुनांना, पोरांना समोर बसवून सांगा, आणि विभागाचा नंबर भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवा.