अडसर सांध्याचा

ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटर एकामागून एक उभी राहत आहेत. आत शिरणारी जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर काढावी लागते, त्यामुळे नवी मुंबईत कार्बन नॅनोट्यूबचा विषय प्रयोगशाळेपुरता राहत नाही. एका सुट्या नळीची उष्णतावाहकता खोलीच्या तापमानाला मीटर-केल्विनमागे 3000 वॉटच्या घरात मोजली गेली आहे, तांब्याची 400. कार्बनचे अणू हलके, बंध पक्के, म्हणून कंपनांच्या लहरी न विखुरता दूरवर जातात. विजेची गोष्ट वेगळी. कार्बनची जाळी कोणत्या कोनात गुंडाळली गेली, यावर नळी धातूसारखी वागणार की अर्धवाहकासारखी, हे ठरते. एकपदरी नळ्यांच्या मिश्रणात धातूसारख्या साधारण एक तृतीयांशच.

मग तांबे मोडीत का निघाले नाही? कारण एका नळीतून दुसरीत जाताना वाट अडते. स्पर्शबिंदू इवलेसे, पकड सैल. नळ्यांच्या गुंत्याची वाहकता एकट्या नळीच्या पासंगालाही पुरत नाही. असे असेल तर खर्च कशाला, हा आक्षेप मात्र मला पटत नाही. चिप आणि हीट सिंक यांच्यामध्ये जी पेस्ट भरतात, तिची वाहकता सहसा दहाच्या आतबाहेर असते. नळ्यांना मागे टाकायची आहे ती ही पेस्ट. शिवाय उभ्या वाढवलेल्या नळ्यांचा थर लवचीक असतो. चिप तापून प्रसरण पावली तरी तो सामावून घेतो. पूजेच्या कापरापासून नळ्या बनवण्याचे काम आयआयटी मुंबईत पूर्वीच झाले आहे, तेव्हा कच्च्या मालाची सबबही फारशी टिकत नाही. संशोधनाचा पैसा आता नळीच्या टोकाशी, जिथे ती धातूला चिकटते तिथे, लागायला हवा.