दवाखान्याचा पडदा

गेल्या वर्षीच्या जून महिन्यातील गोष्ट. आमच्या परिचयाची एक माता आपल्या तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन गावातल्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी लस मुलीला टोचून घ्यायची होती. डॉक्टरांनी ती आदल्या दिवशीच मागवून ठेवली होती. बाहेर बाकड्यावर नऊ-दहा माणसे नंबर लावून बसली होती. आतून कंपाउंडरने खणखणीत आवाजात विचारले, “ती गर्भाशयाची लस कोणाची?” मायलेकी खाली मान घालून आत गेल्या. लस टोचल्यावर भोवळ आलीच तर लक्ष राहावे म्हणून पंधरा मिनिटे बसवून ठेवतात. तशा त्या दोघी पुन्हा त्याच बाकड्यावर त्याच माणसांसमोर बसल्या. रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या पटांगणात एका वयस्क बाईंनी त्या मातेला बाजूला घेतले आणि अत्यंत मायेने विचारले, “बाय, पोरीचं सगळं ठीक आहे ना? एवढ्या लहान वयात ती लस कशाला गं?”

(ही हकीकत त्या मातेच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून आम्ही येथे देत आहोत. ज्या विषयावर लिहायचे त्याच विषयात आपण अपराधी ठरू नये, एवढी काळजी आम्ही घेतली आहे.)

प्रश्नात दुष्टावा नव्हता. पण त्या प्रश्नाच्या पोटात दडलेला संशय मातेला कळला आणि, त्याहून वाईट म्हणजे, मुलीलाही कळला. हा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो त्याचा संसर्ग शरीरसंबंधातून होतो, हे आता बहुतेकांनी कुठेतरी वाचलेले असते. संसर्ग होण्याची शक्यता निर्माण होण्यापूर्वीच लस दिली तर ती सर्वांत अधिक गुणकारी ठरते, म्हणून नऊ ते चौदा हे वय तिच्यासाठी योग्य मानले जाते, हे उरलेले अर्धे मात्र कोणी वाचत नाही. या वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस देतात. दुसरा डोस डिसेंबरात होता. माता गेली नाही.

या एका डोसाचा दोष कोणाचा? आमच्या गावात या प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे: लोक अडाणी, स्त्रिया भित्र्या, लसीबद्दल गैरसमज फार. आम्हांला हे उत्तर मान्य नाही. ही माता अडाणी नव्हती. तिने माहिती काढली होती, पैसे साठवले होते, मुलीला समजावून सांगितले होते. लसीची तिला भीती नव्हती. भीती होती ती बाकड्याची. आमचे म्हणणे एवढेच, की लसीची बाटली जशी दोन ते आठ अंश तापमानात जपावी लागते तशीच लस घेणाऱ्याची गोष्टही जपावी लागते. शीतपेटी बंद पडली तर डॉक्टर रातोरात धावपळ करतात. गोष्ट फुटली तर मात्र कोणाला काही बिघडले असे वाटतच नाही.

यावर वडीलधाऱ्यांचा एक आक्षेप आम्ही अनेकदा ऐकला आहे. “आमच्या वेळी देवी टोचायला माणूस येई, तेव्हा अख्खे गाव दंड उघडे करून रांगेत उभे राही. तेव्हा कुठे होते तुमचे गुपित?” आक्षेप वरवरचा नाही. देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याची घोषणा १९८० साली झाली, ती अशाच उघड्या दंडांच्या बळावर. परंतु देवीची लस सर्वांचीच होती. ती घेतल्याने कोणाविषयी काहीच उघड होत नव्हते. आजच्या कितीतरी लसी निवडक माणसांनी, निवडक कारणांसाठी घ्यायच्या असतात. कोणी कोणती लस घेतली, यावरून त्याच्या शरीराविषयी, घराविषयी, कामाविषयी लोक तर्क बांधतात. बव्हंशी चुकीचेच बांधतात, पण बांधतात.

याच गावकुसात घडलेली दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. एका तरुणाला रक्ततपासणीत ब प्रकारची कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस बी निघाली. डॉक्टर त्याच्या वडिलांपासूनचे, घरातल्यासारखे. त्यांनी तरुणाला न विचारता त्याच्या मोठ्या भावाला बोलावून सांगितले, “ह्याला असे असे निघाले आहे, तुम्ही सर्वांनी लस घ्या.” वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने सल्ला अचूक होता. अशा रुग्णाच्या घरच्यांनी लस घ्यायलाच हवी. एक आज, एक महिन्याने, एक सहा महिन्यांनी, असे तीन डोस घेतले की संरक्षण मिळते. डॉक्टरांचा हेतूही निर्मळ होता. पण सांगण्याचा पहिला हक्क ज्याचा, त्याच्या हातून तो काढून घेतला गेला. घरात त्याचे ताट, पेला वेगळे झाले. वास्तविक हा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून, आईकडून बाळाला प्रसूतीच्या वेळी, एकमेकांचे वस्तरे किंवा दातांचे ब्रश वापरण्यातून पसरतो. एका ताटात जेवल्याने पसरत नाही. म्हणजे ताट वेगळे झाले आणि वस्तरा तसाच राहिला! पुढे भावाच्या बायकोने दुसऱ्या डोसासाठी दवाखान्यात जायला नकार दिला. का, तर पुन्हा पुन्हा गेलो तर आपल्या घरात काय आहे ते लोकांना कळेल.

डॉक्टरांनी काय करायला हवे होते? त्या तरुणाला समोर बसवून सांगायचे होते, की तुझ्या घरच्यांना लस मिळणे अत्यावश्यक आहे, तू त्यांना सांग, किंवा त्यांना घेऊन ये, आपण दोघे मिळून सांगू. एक दिवस अधिक गेला असता. आमच्या मते तो दिवस वाया गेला नसता.

येथे कोणी म्हणेल, आपले गाव म्हणजे एक कुटुंब, येथे कसली गुपिते? नेमका याच वाक्याविरुद्ध आम्ही हा लेख लिहीत आहोत. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात बाकड्यावर शेजारी बसलेला माणूस तुम्हांला पुन्हा आयुष्यात भेटत नाही. तेथे भिंत नसली तरी एक वेळ चालेल. गावात मात्र कंपाउंडर कोणाचा तरी भाचा असतो, औषधांच्या दुकानातली मुलगी कोणाची तरी होणारी सून असते आणि बाकड्यावर बसलेली बाई लग्न जुळवीत असते. जेथे प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखतो तेथेच डॉक्टरांच्या तोंडाला कुलूप हवे. जवळीक ही गुप्ततेची जागा घेऊ शकत नाही. जवळिकीमुळेच तिची गरज वाढते.

“मग वसई रोडवरून लोकल पकडा आणि जिथे कोणी ओळखत नाही तिथे लस घेऊन या,” असे सुचवणारे शहाणेही आहेत. ज्यांना परवडते ते तसे करतातच. पण शेतावर, फुलांच्या वाडीत किंवा रोजंदारीवर राबणाऱ्याने तीन डोसांसाठी तीन दिवस बुडवायचे कसे? आणि गावातल्या डॉक्टरांना जे ठाऊक असते, म्हणजे या मुलीला कोणत्या औषधाचे वावडे आहे, लहानपणी तिला झटके येत होते का, ते परक्या डॉक्टरांना कोण सांगणार? लस गावातच, ओळखीच्याच डॉक्टरांकडे घ्यावी, असे आमचे ठाम मत आहे. म्हणूनच त्या दवाखान्याची स्थिती आम्हांला सलते.

माणसांना उघडे पाडून रोग आटोक्यात येत नाही, हा धडा आमच्या या किनाऱ्याला नवा नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. सरकारी पथके घरोघरी शिरून झडत्या घेऊ लागली, रोग्यांना उचलून नेऊ लागली, घरांवर खुणा रंगवू लागली. परिणाम काय झाला? लोकांनी रोगी लपवले, प्रेते लपवली, शहर सोडून पळाले आणि रोग बरोबर नेला. त्याच वेळी भायखळ्याला हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने प्लेगची लस तयार करून १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. लस होती, विश्वास नव्हता. मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती गावठाणांत त्या काळात उभारलेले क्रूस अजून उभे आहेत.

आणि २०२० साली आम्ही तेच पुन्हा केले. मार्चमध्ये महाराष्ट्रात विलगीकरणातल्या माणसांच्या डाव्या हातावर शाईचे शिक्के मारले गेले. दारांवर कागद चिकटले. गावोगावच्या मोबाइलवर नावांच्या याद्या फिरल्या; त्या पुढे पाठवणाऱ्यांत आपल्यापैकी किती होते, हे ज्याचे त्याने आठवावे. त्या वर्षीच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याचा आदेश असल्याखेरीज रुग्णाच्या घराबाहेर असा कागद लावता येणार नाही. तोपर्यंत कितीतरी दारांवरून कागद काढून झाले होते. लोकांच्या डोक्यांतून ते निघायला वेळ लागला.

कायदा या बाबतीत मुका नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार व्यवसायाच्या ओघात कळलेले रुग्णाचे गुपित डॉक्टरांनी उघड करणे हे गैरवर्तन ठरते. अपवाद मोजके आहेत: न्यायाधीशांचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला अथवा समाजाला असलेला गंभीर व निश्चित धोका, आणि सरकारला कळवणे बंधनकारक असलेले रोग. लग्न जमवताना मुलाच्या किंवा मुलीच्या प्रकृतीची चौकशी करायला डॉक्टरांकडे जाणारे प्रतिष्ठित गृहस्थ या अपवादांत कोठेही बसत नाहीत. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात होणाऱ्या वधूच्या जिवाला असलेला धोका ध्यानात घेऊन एचआयव्हीबाधित वराची माहिती उघड झाल्याबद्दल इस्पितळाला दोषी धरले नाही, याचा दाखला हे गृहस्थ देतात. पण तो निर्णय एका जिवाच्या रक्षणापुरता होता. मध्यस्थांच्या कुतूहलाला त्याने परवाना दिलेला नाही. पुढे २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय माहिती उघड करण्यास मनाई केली आणि जोडीदाराला सांगण्याची वेळ आलीच, तर तेही समुपदेशन करून, रुग्णाला आधी कळवून, अशी वाट आखून दिली.

आता थोडे आमच्याच अंगणाविषयी. प्रार्थनासभेत आजाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याची आपली रीत सुंदर आहे. पण “अमुकच्या सुनेच्या गर्भाशयाच्या आजारासाठी आपण प्रार्थना करू या” हे काय आहे? प्रभूला रोगाचे नाव सांगावे लागते काय? ते सांगितले जाते शेजारच्या खुर्चीसाठी. कुष्ठरोग्याला बरे केल्यावर येशूने त्याला कोणाला काही सांगू नको, फक्त याजकाला जाऊन दाखव, असे बजावले होते. (पंडित या आज्ञेचे कारण निराळे देतात, हे आम्हांस ठाऊक आहे, तरीही ज्याला दाखवायचे त्यालाच दाखवावे, हा भेद आम्हांला लक्षणीय वाटतो.) पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरू प्राण गेला तरी बोलत नाहीत, याचा आपल्याला केवढा अभिमान! प्रागच्या संत जॉन नेपोमुकची कथा आपण मुलांना सांगतो. आत्म्याच्या गोष्टीला एवढे कुलूप आणि देहाच्या गोष्टीला साधी कडीसुद्धा नाही, हा न्याय आम्हांला उमगत नाही.

डॉक्टरांवर आम्ही सारा भार टाकू इच्छित नाही. दोन खोल्यांचा दवाखाना, सकाळी साठ रुग्ण, संध्याकाळी साठ, आणि मदतीला एकच माणूस, ही त्यांची अडचण खरी आहे. तरी जाड कापडाच्या पडद्याला किती पैसे लागतात? नंबराच्या चिठ्ठ्या दिल्या तर लसीचे नाव ओरडावे लागत नाही. लसींच्या नोंदवहीत नाव, तारीख, बाटलीचा बॅच क्रमांक लिहिलाच पाहिजे, कारण पुढे काही त्रास झाला तर त्याच नोंदीचा आधार असतो. पण ती वही टेबलावर उघडी पसरून, पुढच्या रुग्णाने आपले नाव शोधता शोधता मागची वीस नावे वाचावीत, अशी का ठेवावी? टोचल्यानंतरची पंधरा मिनिटे आतल्या खोलीतल्या खुर्चीवर काढता येतात. आणि कंपाउंडरला कामावर ठेवताना इंजेक्शन भरायला शिकवतात, तसे गप्प राहायलाही शिकवावे. बोललाच तर डॉक्टरांनी त्याला जाब विचारावा, भाचा असला तरी. रुग्णानेही संकोच सोडून म्हणावे, “डॉक्टर, हे आपल्या दोघांत राहू द्या.” त्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

त्या मातेला आम्ही गेल्या आठवड्यात भेटलो. दोन डोसांतील अंतर लांबले म्हणून पहिला डोस फुकट जात नाही, पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला तेवढा एकच घ्यायचा असतो, हे तिला ठाऊक नव्हते. ते ऐकून ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “त्या बाकड्यावर बसवणार नसतील तर नेते तिला.” तिच्या संमतीने तिचा हा निरोप आम्ही डॉक्टरांकडे पोहोचवला आहे.